मोतीबिंदूची लेन्स बसवल्यावर: कोकणातल्या घरच्यांनी दिवस मोजून कसे लक्ष ठेवायचे

घरात आजीचे किंवा आबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले की चौकशी दोनच गोष्टींची होते: लेन्स कितीची आणि टाके पडणार का. काही बिघडले तर ओळखायचे कसे आणि जायचे कुठे, हा तिसरा प्रश्न सहसा बिघडल्यावरच निघतो. बहुतेक ऑपरेशने बिनबोभाट पार पडतात, म्हणून तसे चालूनही जाते. पण ज्या थोड्यांचे बिघडते त्यांचा डोळा राहणार की जाणार हे पुष्कळदा तासांवर ठरते, आणि मंडणगड, देवगड किंवा दोडामार्गच्या वाडीवरून निघालेल्या माणसाचे तास रस्त्यातच संपतात.

त्यासाठी वैद्यकी शिकावी लागत नाही. दिवस मोजावे लागतात. लेन्स बसवल्यावरचा जवळजवळ प्रत्येक त्रास आपापल्या वेळी येतो. पहिल्या रात्रीचे दुखणे वेगळे, चौथ्या दिवसाचे वेगळे, सहाव्या आठवड्यातले धुरकट दिसणे वेगळे आणि तीन वर्षांनी आलेले वेगळे. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑपरेशनच्या तारखेला गोल करा. पुढे कधीही डॉक्टरांना फोन लावलात तर पहिले वाक्य हेच असू द्या: "ऑपरेशन होऊन आज इतके दिवस झाले."

लेन्स बसते कुठे

आपल्या नैसर्गिक भिंगाला एक पातळ, पारदर्शक पिशवी असते. सर्जन तिच्या पुढच्या बाजूला सुमारे 5 मि.मी.चे गोल दार करतो, आतला गढूळ झालेला मोतीबिंदू काढतो आणि त्याच रिकाम्या पिशवीत नवी लेन्स ठेवतो. पिशवीची मागची भिंत मधोमध एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी जेमतेम चार भाग जाड असते. कांद्याचा पापुद्रा तिच्यापुढे गोणपाट. पुढे सांगितलेल्या निम्म्या अडचणी या पिशवीच्याच आहेत: ती ऑपरेशनमध्ये फाटते, पुढे सैल पडते किंवा काही महिन्यांनी मळते.

ऑपरेशनच्या दोन पद्धती आपल्याकडे चालतात. फेकोमध्ये 2.2 ते 2.8 मि.मी.च्या छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात आणि घडी घातलेली लेन्स आत सोडतात. तो लेझर नव्हे, कितीही लोक म्हणोत. दुसरी पद्धत लहान छेदाची, हाताने करायची, म्हणजे एसआयसीएस. तिचा छेद 6 ते 7 मि.मी.चा असतो, पण तो तिरका बोगद्यासारखा असल्याने बहुधा टाका लागत नाही. कडक, पिकलेल्या, तपकिरी मोतीबिंदूला हीच पद्धत पुष्कळदा जास्त सुरक्षित असते. सरकारी रुग्णालयात एसआयसीएस केली म्हणून हलके काम झाले असे समजू नका.

ऑपरेशनच्या आधी: चार गोष्टी सांगा, एक कागद वाचा

डॉक्टर विचारतीलच असे धरून बसू नका. लघवीच्या त्रासासाठी, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन नावाची गोळी चालू असेल, किंवा पूर्वी कधी घेतली असेल, तर आवर्जून सांगा. या गोळीने बुबुळाचा रंगीत पडदा ढिला पडतो, ऑपरेशनमध्ये फडफडतो आणि बाहुली अचानक आकसते. गोळी चार दिवस आधी बंद करून फायदा नाही, कारण परिणाम लांब टिकतो. पण सर्जनला आधी माहीत असेल तर तो बाहुली धरून ठेवणारे हुक किंवा रिंग हाताशी घेऊन बसतो. ही गोष्ट लपून राहिली की पिशवी फाटण्याचा धोका वाढतो.

दुसरे, डोळ्याला पूर्वी लागलेला मार. झावळीचा फटका, लाकूड फोडताना उडालेली कपची, विटीदांडू, चिऱ्याच्या खाणीतला खडा, चाळीस वर्षांपूर्वीचा का असेना. अशा डोळ्यात पिशवी ज्या तंतूंवर टांगलेली असते ते आधीच तुटलेले असू शकतात. तिसरे, तरुणपणापासूनचा मोठा मायनस नंबर किंवा चष्मा घालवण्यासाठी केलेले लेझर. चौथे, डोळ्यातून सतत पाणी गळणे आणि नाकाकडचा कोपरा दाबल्यावर चिकट द्रव येणे. याचा अर्थ अश्रुपिशवीत जंतूंचे घर आहे. आधी तिचा उपचार, मग मोतीबिंदू. ही पायरी गाळून केलेले ऑपरेशन म्हणजे पू असलेल्या गटाराशेजारी दार उघडणे. मधुमेह, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या आणि औषधांची ॲलर्जी बहुतेक ठिकाणी विचारतातच. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता कागद. लेन्सचा नंबर काढताना डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या काचेचा, गोलावा मोजतात. लांबी साधारण 23 ते 24 मि.मी. असते. तिच्यात 1 मि.मी.ची चूक झाली तर लेन्सचा नंबर अडीच ते तीन डायॉप्टरने (नंबर मोजायचे एकक) चुकतो. मोतीबिंदू फार पिकला असेल तर प्रकाशावर चालणारे यंत्र आरपार पाहू शकत नाही, मग सोनोग्राफीसारख्या ए-स्कॅनच्या काडीने मोजतात. ती काडी डोळ्यावर किंचित जास्त दाबली गेली की डोळा दबतो, लांबी कमी भरते आणि माणूस ऑपरेशननंतर मायनस नंबरचा होतो. म्हणून दोन्ही डोळ्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. लांबीत 0.3 मि.मी.हून जास्त फरक असेल तर "पुन्हा एकदा मोजाल का?" एवढेच विचारा. काहींचे डोळे खरेच वेगळे असतात, पण फेरमोजणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. लंडनमध्ये 1949 साली हॅरॉल्ड रिडली यांनी पहिली लेन्स बसवली तेव्हा तो रुग्णही ऑपरेशननंतर मोठ्या मायनस नंबरचा झाला होता. मोजमापाची ही दुखरी नस लेन्सइतकीच जुनी आहे.

आणि रस्ता आधी ठरवा. आमच्या मते कोकणात हे लेन्सची कंपनी निवडण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: रात्री अकरा वाजता डोळा दुखायला लागला तर कोणता नंबर लावायचा? आणि डोळ्यात पू झाला तर आतल्या पडद्याचा सर्जन, म्हणजे रेटिनावाला, तुम्ही कुठला सांगता? दक्षिणेकडच्या घरांना उत्तर बहुधा गोवा, बेळगाव किंवा कोल्हापूर मिळेल, उत्तरेकडच्यांना पुणे-मुंबई. मग घाट बघा. चिपळूणहून कुंभार्ली, रत्नागिरीहून आंबा, कणकवलीहून फोंडा, वैभववाडीहून करूळ, सावंतवाडीहून आंबोली. जुलै-ऑगस्टात दरड आली तर पर्यायी घाट कोणता आणि गाडी कुणाची, हे त्या दिवशी शोधायचे नसते.

"ऑपरेशन थंडीतच करावे" हा समज अजून घट्ट आहे. आजच्या पद्धतीत ऋतूने जखमेला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो कामाने आणि वाटेने. लावणीच्या तोंडावर ऑपरेशन केलेली बाई पंधरा दिवस घरात बसत नाही, आणि भातकापणीत पात्याचा किंवा कुसळाचा ओरखडा डोळ्याला बसला तर बुरशीचा व्रण होऊ शकतो. शेतीच्या कामाआधी किमान महिना मोकळा मिळेल अशी तारीख धरा.

घरी निघताना कार्ड वाचा

डिस्चार्ज कार्डावर लेन्सच्या डब्यातले स्टिकर चिकटवलेले हवे. त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर, अनुक्रमांक आणि मुदत असते. नसेल तर निघण्यापूर्वी मागा, त्याचा फोटो काढा आणि मुंबईत नोकरीला असलेल्या मुलालाही पाठवा. कार्ड पावसात भिजते, फोटो भिजत नाही. दहा वर्षांनी लेन्स बदलायची वेळ आली तर या स्टिकरशिवाय नवा सर्जन चाचपडतो.

मग खालचे शब्द पाहा. नुसते "पीसीआयओएल, इन द बॅग" असेल तर लेन्स पिशवीत, ठरल्या जागी आहे. "पीसीआर" म्हणजे मागची भिंत फाटली. अनुभवी हातांतही शंभरात एखाद-दुसऱ्या डोळ्यात हे होते, त्यामुळे लगेच भांडायला उठू नका, पुढचे नीट समजून घ्या. भिंत फाटली की मागचा जेलीसारखा व्हिट्रियस पुढे येतो आणि तो कापून साफ करावा लागतो. कार्डावर त्याला "अँटेरियर व्हिट्रेक्टॉमी" लिहितात. त्यानंतर लेन्स कुठे ठेवली हे महत्त्वाचे:

"सल्कस" लिहिले असेल तर लेन्स पिशवीच्या पुढच्या खाचेत आहे. इथे तीन तुकड्यांची लेन्स चालते, म्हणजे मधले भिंग आणि दोन बारीक पाय वेगळे असलेली. एकसंध ॲक्रिलिक लेन्स या खाचेत ठेवली तर तिच्या जाड कडा बुबुळाच्या मागे घासत राहतात, रंगाचे कण झडतात, दाब वाढतो, कधी आत रक्त उतरते. सल्कसमधल्या लेन्सच्या माणसाला पुढे मधूनमधून डोळा लाल होऊन धुरकट दिसत असेल तर ते "डोळे आले" म्हणून सोडू नये.

"एसीआयओएल" म्हणजे लेन्स बुबुळाच्या पुढे. तिच्यामुळे कॉर्नियाच्या आतल्या पेशी झिजू शकतात, म्हणून दरवर्षी तपासणी हवी. "आयरिस क्लॉ" म्हणजे बुबुळाला चिमटा देऊन अडकवलेली. "एसएफआयओएल" म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत अडकवलेली. "एफेकिया" लिहिले असेल तर लेन्स बसवलेलीच नाही. ही फसवणूक नव्हे. आधार नसताना लेन्स कोंबण्यापेक्षा काही आठवड्यांनी दुसऱ्या बैठकीत बसवणे शहाणपणाचे असते. तोवर साधारण प्लस 10च्या आसपासचा जाड चष्मा लागतो.

"न्यूक्लियस ड्रॉप" हा शब्द दिसला तर मोतीबिंदूचा तुकडा मागे पडला आहे. रेटिनाच्या सर्जनकडे किती दिवसांत जायचे हे तिथेच लिहून घ्या. तो तुकडा सुजतो आणि दाब वाढवतो. "नंतर बघू" म्हणून गणपती उरकून जाण्यासारखे हे काम नाही.

पहिले 48 तास

पहिल्या संध्याकाळी खुपणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे चालते. साध्या पॅरासिटामॉलने ते बसते. दुखणे कपाळात चढले, मळमळ किंवा उलटी झाली, तर ते पित्त नाही. ऑपरेशनवेळी डोळ्यात भरलेला जेल थोडा आत राहिला की पहिल्या 24 तासांत डोळ्याचा दाब चढतो. गोळ्या-थेंबांनी किंवा जखमेतून थोडे पाणी सोडून तो उतरवता येतो, पण त्यासाठी तपासणी हवी. उलटीवर सोड्याची बाटली पाजून सकाळची वाट पाहू नका. काचबिंदू असलेल्यांनी तर मुळीच नाही.

पट्टी काढल्यावर धुक्यातून पाहिल्यासारखे दिसणे हे बहुतेकदा कॉर्नियाच्या सुजेमुळे. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला एक थर असतो, तो काचेतले पाणी उपसत राहतो. वयस्कर माणसात दर चौरस मिलिमीटरला साधारण दोन-अडीच हजार पेशी असतात आणि त्या पुन्हा वाढत नाहीत. कडक मोतीबिंदू फोडताना त्यांतल्या काही मरतात. उरलेल्या आठवडाभरात काम सांभाळतात आणि धुके विरते. पेशी फारच कमी, म्हणजे पाचशेच्या आसपास किंवा खाली उरल्या तर सूज कायम राहते, फोड येतात आणि पुढे कॉर्निया बदलण्यापर्यंत जाते. "पिकू दे, मग काढू" ही जुनी सवय इथे महागात पडते. जितका पिकलेला, तितका कडक, तितकी जास्त झीज.

आणखी एक सूज असते, टास नावाची. तिच्यात जंतू नसतात. उपकरणांवर राहिलेला साबण, चुकीच्या तीव्रतेचे द्रावण असे काहीतरी आत गेल्याने 12 ते 48 तासांत सगळा कॉर्निया कडेपासून कडेपर्यंत पांढुरका होतो. दुखणे त्या मानाने कमी. एकाच दिवशी ऑपरेशन झालेल्या दोन-तीन जणांना असे झाले तर संशय पक्का, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा नंबर घेऊन ठेवा. ही सूज स्टेरॉइडच्या थेंबांनी उतरते. टास की जंतुसंसर्ग, हा निवाडा मात्र घरी करायचा नसतो.

दुसरा ते चौदावा दिवस: इथे घड्याळ लावा

जंतुसंसर्ग, म्हणजे एंडोफ्थाल्मायटिस, हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो, पण डोळा घालवणारी अडचण हीच. बहुतेक वेळा तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आठवड्याभरात दिसतो, कधी दोन आठवड्यांपर्यंत. त्याची ओळख एका वाक्यात: काल होते त्यापेक्षा आज वाईट. साधा बरा होणारा डोळा रोज थोडा पांढरा, थोडा स्वच्छ, थोडा कमी दुखरा होत जातो. उलट्या दिशेने गेलेला एक दिवस पुरेसा आहे.

म्हणून रोज सकाळी एकाच खुर्चीत, एकाच उजेडात बसवा. चांगला डोळा तळहाताने झाका, बोटांच्या फटी राहू देऊ नका, आणि भिंतीवरचे तेच कॅलेंडर वाचायला सांगा. काल तारखा वाचता आल्या आणि आज महिन्याचे मोठे नावही लागत नाही, किंवा पापणी सुजली, डोळा गडद लाल झाला, बुबुळाच्या खालच्या कडेला पांढरी रेघ साचली, तर:

1. लगेच फोन. सकाळची ओपीडी, सोमवार, अमावास्या काही पाहायचे नाही. मोबाइलने उजेडात डोळ्याचा फोटो काढून पाठवा, पण फोटो पाठवला म्हणजे दाखवून झाले असे नाही.
2. डॉक्टरांनी नवे औषध सांगितले नसेल तर मनाने काही घालू नका. उरलेल्या बाटल्या फेकूही नका. उघडलेल्या सगळ्या बाटल्या, कार्ड आणि लेन्सचे स्टिकर पिशवीत घ्या. बाटलीतच जंतू होते का, हे तपासता येते.
3. डोळ्यावर प्लास्टिकचे कवच लावा. कापूस दाबून घट्ट पट्टी बांधू नका.
4. निघा. जवळच्या नेत्रतज्ज्ञांनी त्याच दिवशी पाहायला हवे. ते पुढे पाठवत असतील तर चिठ्ठीवर वेळ आणि दिलेली औषधे लिहून घ्या, आणि पुढच्या रुग्णालयाला निघण्यापूर्वी फोन करायला सांगा.

तिथे काय करतात हे माहीत असले की भीती कमी होते. आतले थोडे पाणी तपासणीला काढून डोळ्यातच अँटिबायोटिकचे इंजेक्शन देतात, बहुधा व्हँकोमायसिन 1 मि.ग्रॅ. आणि सेफ्टाझिडिम 2.25 मि.ग्रॅ. गोळी किंवा सलाइनमधून दिलेले औषध डोळ्याच्या आत पुरेसे पोचत नाही, म्हणून "गावात सलाइन लावून बघू" याला अर्थ नाही. हात हललेला दिसत असताना पोचलात तर पुष्कळदा इंजेक्शनवर भागते. नुसता उजेड कळण्याइतकी नजर उरली असेल तर व्हिट्रेक्टॉमीचे मोठे ऑपरेशन लागते. 1995 सालच्या अमेरिकी अभ्यासाने ही रेषा आखली आणि अजून तीच बऱ्याच अंशी पाळली जाते. घाटात गेलेले चार तास या रेषेच्या अलीकडून पलीकडे नेऊ शकतात.

संसर्ग टाळण्याचे सर्वांत स्वस्त हत्यार ऑपरेशनच्या टेबलावरच वापरले जाते: 5 टक्के पोव्हिडोन-आयोडीनचे थेंब, किमान 3 मिनिटे. शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडण्याचा फायदा 2007 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात दिसला, संसर्ग सुमारे पाचपटीने घटला. आपल्या देशात त्यासाठी मॉक्सिफ्लोक्सासिन जास्त वापरतात. हे दोन्ही करता का, असे विचारल्याने कुणी चांगला सर्जन रागावत नाही.

घरची बाजू थेंबांची. साधारण एक ते दोन आठवडे अँटिबायोटिक आणि चार ते सहा आठवडे स्टेरॉइड, दर आठवड्याला कमी करत. हात साबणाने धुवा. खालची पापणी ओढून एकच थेंब सोडा, कारण डोळ्यात एकाहून जास्त मावत नाही, बाकी गालावर जाते. टोक पापणीला लावू नका. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवा. दुधाळ दिसणारी स्टेरॉइडची बाटली हलवूनच घाला, नाहीतर औषध तळाशी आणि डोळ्यात नुसते पाणी. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्या. आणि सहा आठवड्यांनी "थेंबाने बरे वाटते" म्हणून मेडिकलमधून तीच स्टेरॉइडची बाटली पुन्हा आणू नका. काही लोकांत तिने दोन-तीन आठवड्यांतच दाब वाढतो, न दुखता. लेन्स छान, मोतीबिंदू गेला आणि काचबिंदूने नजर खाल्ली, ही शोकांतिका पूर्ण टाळता येण्यासारखी आहे.

मध, तुळशीचा रस, गोमूत्र, लहान बाळाच्या आईचे दूध यांतले काहीही डोळ्यात नको. विहीर, नदी, तळे यांचे पाणी दोन आठवडे डोळ्याला लागू देऊ नका. डोके मागे करून दुसऱ्याने केस धुवावेत. कळशी, पाणी शेंदणे, आंब्याच्या पेट्या उचलणे दोन-तीन आठवडे बंद. खाडीत किंवा रापणीला जाणाऱ्यांनी महिना थांबावे. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणे कुणा दुसऱ्यावर सोपवा. काजूच्या टरफलाचे तेल तर चांगल्या डोळ्यालाही भाजते, त्यामुळे बिया भाजण्याच्या हंगामात लांबच राहावे. शिमगा आडवा आला तर रंगात उतरू नये.

तिसरा ते बारावा आठवडा

फेकोनंतर साधारण चार, एसआयसीएसनंतर सहा आठवड्यांनी चष्म्याचा नंबर काढतात. आधी काढलेला बदलतो आणि पैसे जातात. साध्या लेन्सवर लांबचे दिसते. तांदूळ निवडायला, सुई ओवायला, पोथी वाचायला जवळचा चष्मा लागणारच. हा दोष नाही, त्या लेन्सचा स्वभावच तसा. सगळे निळसर-पांढरे दिसणे हाही दोष नाही. इतकी वर्षे पिवळ्या काचेतून पाहत होता, ती काढली.

नंबर खरोखर चुकला असेल, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा दोन-तीन डायॉप्टर, तर गप्प राहून महिने घालवू नका. पिशवी लेन्सभोवती आकसून चिकटण्याआधी, पहिल्या काही आठवड्यांत लेन्स बदलणे त्या मानाने सोपे असते. इतर मार्गही आहेत: चष्मा, वरून दुसरी पातळ लेन्स, कॉर्नियावर लेझर. दोन डोळ्यांत सुमारे तीन डायॉप्टरहून जास्त फरक राहिला तर चष्मा लावून पायऱ्या उतरताना चक्कर येते. मोठ्या मायनस नंबरच्या माणसाला पहिल्या डोळ्यानंतर असे होतेच, आणि दुसरा डोळा लवकर करणे हाच बहुधा त्याचा उपाय.

तिरकस नंबरासाठी टॉरिक लेन्स बसवली असेल तर ती फिरली का ते तपासून घ्या. एक अंश फिरली की दुरुस्ती सुमारे 3 टक्क्यांनी घटते, 30 अंश फिरली की पैसे पाण्यात. बहुतेक लेन्स फिरायच्या त्या पहिल्या दिवसांतच फिरतात आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सरळ करता येतात. कानाच्या बाजूला अर्धचंद्रासारखी काळी सावली किंवा रात्री दिव्याभोवती कडी दिसणे बहुतेकांचे काही महिन्यांत विरळ होते. मल्टिफोकल, म्हणजे लांबचे-जवळचे दोन्ही दाखवणाऱ्या लेन्सवाल्यांना कडी जास्त दिसते. रात्री मुंबई-गोवा महामार्गावर गाडी चालवणाऱ्याने ही लेन्स घेण्याआधी दोनदा विचार करावा.

या टप्प्यावरची खरी फसवी अडचण वेगळीच. पहिला महिना सुरेख दिसले आणि मग चौथ्या ते बाराव्या आठवड्यात मधोमध धुरकट, अक्षरे वाकडी, डोळा मात्र पांढरा स्वच्छ. मागच्या पडद्याच्या मध्यभागी पाणी साचले आहे. मधुमेहींत आणि पिशवी फाटलेल्यांत हे जास्त. चष्म्याच्या दुकानात फेऱ्या मारून नंबर लागत नाही आणि सगळे वैतागतात. ओसीटीच्या, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या यंत्राच्या फोटोत ते पाच मिनिटांत दिसते. थेंबांनी बहुतेकांचे काही आठवडे ते महिन्यांत उतरते.

महिने आणि वर्षे

"मोतीबिंदू पुन्हा आला" असे जे सांगतात ते बहुधा पिशवीची मागची भिंत मळल्याचे असते. ऑपरेशनमध्ये चिकटून राहिलेल्या पेशी भिंतीवर पसरतात आणि ती घासलेल्या काचेसारखी होते. उशिरा येणाऱ्या अडचणींत ही सर्वांत जास्त आढळते आणि सर्वांत सोपीही. याग लेझरने भिंतीत मधोमध छोटी खिडकी पाडतात. चिरफाड नाही, काही मिनिटांचे काम, त्याच दिवशी घरी. लेझरनंतर तासाभराने दाब तपासून निघा. काही दिवस माश्या उडाल्यासारखे दिसते.

पण लेझरला होकार देण्याआधी स्वतःला विचारा: आधी चांगले दिसत होते आणि मग हळूहळू मळले, की पहिल्या दिवसापासूनच दिसत नव्हते? पहिल्या दिवसापासूनची तक्रार असेल तर दोष लेन्सच्या नंबरात, प्रकारात किंवा पडद्यात असू शकतो. भिंतीला खिडकी पाडल्यावर लेन्स बदलणे फार अवघड होते. लेन्सच गढूळ होण्याचा प्रकारही असतो: हायड्रोफिलिक ॲक्रिलिकच्या काही लेन्समध्ये वर्षांनंतर कॅल्शियम साचते. वरवर ते मळलेल्या भिंतीसारखेच दिसते, लेझरने मात्र सुधारत नाही. बाहुली मोठी करून, पांढरेपणा लेन्सवर आहे की मागच्या भिंतीवर, हे नीट पाहून घ्यायला सांगा. लेन्स कसल्या मटेरियलची आहे हे कळायला ते स्टिकर इथे कामाला येते.

अचानक विजेसारखे चमकणे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी काळी छाया, यांतले काहीही आले तर पडदा सुटत असल्याची शक्यता. मोठा मायनस नंबर, वय कमी, पिशवी फाटलेली, लेझर झालेले, यांना धोका जास्त, आणि तो वर्षांनंतरही राहतो. त्याच दिवशी निघा. मधला भाग सुटण्याआधी पोचलेला आणि नंतर पोचलेला यांच्या नजरेत पुढे आयुष्यभराचा फरक राहतो.

आणि शेवटी सरकलेली लेन्स. पिशवी टांगणारे तंतू वयाने, जुन्या माराने किंवा स्यूडोएक्सफोलिएशन नावाच्या राखेसारख्या थरामुळे झिजतात. आठ-दहा वर्षांनी एखाद्या दिवशी एकाच डोळ्याने दोन दिसू लागते, किंवा वाकले की दिसणे बदलते, उठले की परत येते. लेन्सची कड बाहुलीच्या मधोमध आलेली असते. दुखत नसल्याने लोक महिनोन् महिने काढतात. पुढेच अडकलेली लेन्स उचलून परत बसवणे आणि पार मागे पडलेली शोधून काढणे यांत ऑपरेशनही वेगळे, खर्चही वेगळा. तोवर पालथे झोपू नये, जड उचलू नये आणि निघताना कपाटातले ते दहा वर्षांपूर्वीचे कार्ड, नाहीतर मुलाच्या फोनमधला फोटो, बरोबर घ्यावा.